एक्सेलच्या एका सेलमध्ये लांबलचक मराठी मजकूर नीट कसा बसवायचा?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या तक्रारींचा तक्ता केलाय, 'तपशील' रकान्यात सभासदांचे परिच्छेदच्या परिच्छेद आहेत, ते शेजारच्या रकान्यांवर सांडतात, आणि रॅप टेक्स्ट (मजकूर सेलच्या रुंदीत मोडून खालच्या ओळीत नेणारं बटण) दाबलं तरी छापताना शेवटची ओळ गायब होते. हे शेवटचं वाचून उत्तर लिहायला बसलो. त्या गायब ओळीने माझी एक अख्खी वार्षिक सभा खाल्ली आहे.

मी नेरूळचा. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून तीन वर्षं काढली. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची म्हणून नेहमीसारखी घाई, आणि मागच्या सभेचं इतिवृत्त मी चक्क एक्सेलमध्ये केलेलं : विषय, चर्चा, ठराव. स्क्रीनवर झकास दिसत होतं. पेन ड्राइव्ह घेऊन स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो, ६० प्रती काढल्या, वाटल्या. सभा सुरू होऊन पाच मिनिटं होतात तोच तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे. टेरेसच्या वॉटरप्रूफिंगच्या ठरावात 'प्रत्येक सदनिकाधारकाने १५,००० रुपये भरावेत' इथवरच छापलेलं. 'ही रक्कम तीन समान हप्त्यांत घ्यावी' ही ओळ सेलच्या खालच्या रेषेखाली गाडली गेली होती. "आमचे हप्ते कुठे गेले, सेक्रेटरी?" पुढचा पाऊण तास त्यातच गेला.

तर आधी ती ओळ. एक्सेल स्क्रीनवर अक्षरं मोजतं एका मापाने आणि प्रिंटरसाठी दुसऱ्या. स्क्रीनवर पाच ओळींत बसलेला मजकूर कागदावर सहा ओळी घेतो, पण सेलची उंची मात्र पाच ओळींचीच राहते. त्यात आपली देवनागरी : वर वेलांटी-रफार, खाली उकार. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट वेगळा निघाला की सगळंच हललं. मंगल फॉन्टच्या ओळी तर मुळातच उंच. यावर माझे दोन उपाय. मोठ्या मजकुराच्या शेवटी ऑल्ट-एन्टर दाबून एक रिकामी ओळ सोडायची. गावठी उपाय आहे, पण सेलला एका ओळीची गादी मिळते. आणि दुकानात एक्सेलची फाइल न्यायचीच नाही. घरीच पीडीएफ करायची, ती शेवटच्या पानापर्यंत डोळ्यांखालून घालायची आणि तीच छापायची.

आता मूळ मांडणी. बहुतेक जण आधी मजकूर टाकतात आणि मग माऊसने रेषा ओढत बसतात. उलट करा. कागद उभा की आडवा ते ठरवा, बाकीचे रकाने लागतील तेवढेच अरुंद करा, उरलेली सगळी रुंदी 'तपशील'ला द्या. मग तो रकाना निवडून रॅप टेक्स्ट, आणि शेजारीच असलेलं टॉप अलाइन. हे टॉप अलाइन लोक विसरतात. ते नसलं की तक्रार सात ओळींची आणि फ्लॅट नंबर मात्र तळाशी लोंबकळतोय, असं ध्यान दिसतं.

उंचीला हात लावू नका. एकदा का तुम्ही ती ओळ हाताने ओढलीत, की एक्सेल म्हणतं, 'बरं, मग तुझं तू बघ', आणि पुढे मजकूर वाढला तरी उंची वाढवत नाही. असं झालं असेल तर डावीकडे जिथे ओळींचे आकडे असतात, तिथल्या खालच्या रेषेवर डबल क्लिक करा. गाडी रुळावर येते.

मर्ज केलेल्या, म्हणजे दोन-तीन सेल जोडून एक केलेल्या सेलमध्ये मात्र हा डबल क्लिकही चालत नाही, तिथे एक्सेल उंची स्वतः ठरवतच नाही. माझ्या तक्त्यात 'ठराव'चे दोन रकाने मर्ज केलेले होते, म्हणजे दुखणं मीच ओढवून घेतलं होतं. शीर्षक मधोमध हवं असेल तर कंट्रोल-१ दाबून अलाइनमेंटमध्ये 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन' घ्या. दिसतं मर्जसारखंच, त्रास शून्य. तिथेच 'श्रिंक टू फिट' दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. अक्षरं मुंगीएवढी होतात.

व्हॉट्सअॅपवरून तक्रारी उचलत असाल (आमच्याकडे सगळ्या तिथूनच यायच्या, त्याही रात्री साडेअकराला), तर सेल नुसता निवडून पेस्ट केलं की प्रत्येक ओळ वेगळ्या सेलमध्ये उतरते. आधी सेलवर डबल क्लिक करून कर्सर आत न्या, मग पेस्ट करा. सगळं एकाच सेलमध्ये राहतं. हाताने नवी ओळ हवी असेल तर ऑल्ट-एन्टर, लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल-एन्टर. आणि मुद्द्याची सुरुवात उणे चिन्हाने करू नका, एक्सेलला ते सूत्र वाटतं आणि चूक दाखवतं. करायचीच असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह (') टाका, ते छापलं जात नाही.

उलट दुखणंही असतं, नको तिथे तुटलेल्या ओळी. त्यासाठी फाइंड-रिप्लेस उघडा, वरच्या चौकटीत कंट्रोल-जे दाबा (काही दिसणार नाही, घाबरू नका), खालच्या चौकटीत एक स्पेस द्या, रिप्लेस ऑल. पण आधी फक्त तो रकाना निवडून घ्या, नाहीतर दुसऱ्या रकान्यांत मुद्दाम तोडलेल्या ओळीही जातील.

एवढं करूनही एखादी तक्रार बसत नसेल तर दोष तुमचा नाही. एका सेलमध्ये ३२,७६७ अक्षरं मावतात, पण ओळीची उंची ४०९ पॉइंटच्या वर जातच नाही, म्हणजे साडेपाच-पावणेसहा इंच, ए-फोर कागदाच्या निम्म्याहून थोडी कमी. मजकूर आत असतो, दिसत नाही. आमच्याकडे एका बाईंची पार्किंगची तक्रार याच वर्गातली होती. तशांसाठी मी 'सारांश' नावाचा रकाना केला, दोन ओळींचा, आणि मूळ पत्र वर्डमध्ये, पुढे त्याचा क्रमांक. कमिटीत वाचला गेला तो सारांशच.

तुमच्या फाइलमध्ये आधीच मर्ज केलेलं असेल तर एक प्रत बाजूला ठेवूनच अनमर्ज करा. मजकूर वरच्या डाव्या सेलमध्ये राहतो, जात नाही.