पंक मास्तरा, पहिल्या वर्षी एवढंच बघ

भावा, झेडपीच्या शाळेत लागलास म्हणून पंकपणा (बंडखोर गाणी, रंगीत केस अन् कुणाचा हुकूम न मानणं) विकला असं काही नाही, ते टेन्शन सोड. स्पेनमधल्या बार्सिलोनात फ्रान्सिस्को फेरर या अराजकवादी (म्हणजे कुठलीच सत्ता न मानणाऱ्या) शिक्षकानं 1901 ला शाळाच काढली होती, परीक्षा नाही, शिक्षा नाही, पोरंपोरी एकत्र, आणि 1909 ला सरकारनं त्याला गोळ्या घातल्या. तुला तेवढं करायचं नाही.

- छडी हातात घेऊच नको. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम 17 नं मार आणि मानसिक छळ दोन्ही बंद, म्हणजे इथं कायदा तुझ्याच बाजूनं हाय (अराजकवाद्याला जरा कसंतरी होईल, होऊ दे).
- वर्गाचे नियम लेकरांना ठरवू दे, मग ते तुलाही लागू.
- नवीन लोक हमखास चुकतात ते म्हणजे पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरशी भांडण, नाहीतर लेकरांना आपलीच मतं पाजणं, तो बी हुकूमच की! आणि स्वातंत्र्य म्हणून तयारी न करता वर्गात जाणं, मग दांडगी पोरं राज्य करतात अन् मागची गप पोरगी अजूनच गप होते.

ऊसतोडीला आईबाप गेले की लेकरंबी जातात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा विषय शाळा व्यवस्थापन समितीत काढ, तिथं पाऊण सदस्य पालकच असतात. केस रंगवायचं नंतर बघू.