मळ्यातल्या घराच्या रक्षणासाठी बंदुकीचा परवाना काढावा का?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरजवळ मळ्यात राहता, आसपास घरफोड्या झाल्यात, घरात म्हातारे आई-वडील आणि दोन लहान मुलं आहेत, म्हणून बारा बोअरच्या बंदुकीसाठी अर्ज करावा का. माझं मत सरळ सांगतो: करू नका. तुमची भीती मला खोटी वाटत नाही. मीही वस्तीवरच राहतो. चारी बाजूंनी ऊस उभा असताना रात्री कुत्रं एकाच दिशेला तोंड करून भुंकायला लागलं की काय होतं, ते मला ठाऊक आहे.

मी फौजेत होतो, आता बँकेत गनमन आहे. परवान्याची डबल बॅरल, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, माझ्या घरात आहे, तेव्हा बंदुकीबद्दल आकस म्हणून हे लिहीत नाही. पण फौजेतली पद्धत बघा. छावणीत ड्यूटी संपली की रायफल कोतमध्ये, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या कोठीत, जमा करायची. जमा करण्याआधी नळी मोकळी आहे हे स्वतः बघायचं आणि दुसऱ्यालाही दाखवायचं. रोज शस्त्र हाताळणाऱ्या जवानावरसुद्धा इतकी बंधनं असतात, आणि आपण ते घरात, पोराबाळांत ठेवायला निघतो.

माझ्या घरी बंदूक सुटी करून लोखंडी पेटीत असते, काडतुसं दुसऱ्या खोलीत कपाटाच्या लॉकरमध्ये, आणि किल्ल्या वेगवेगळ्या जागी. आता समजा रात्री दोनला मागचं दार उचकटल्याचा आवाज आला. अंधारात किल्ली शोधा, पेटी उघडा, नळ्या दस्त्यावर बसवा, दुसऱ्या खोलीत जाऊन काडतुसं काढा. तोवर चोर घरात येऊन उभा राहिलेला असतो. हा वेळ वाचवायचा तर भरलेली बंदूक उशाशी ठेवावी लागेल. आणि चोरासाठी तयार ठेवलेली बंदूक तुमच्या पोरासाठीही तेवढीच तयार असते. सेफ्टी आहे की, असं लोक म्हणतात. डबल बॅरलची सेफ्टी म्हणजे दस्त्याच्या मानेवरचं एक छोटं बटण. अंगठ्यानं पुढं सरकतं, सहा वर्षांच्या पोराच्या अंगठ्यानंसुद्धा. आणि घरातली किल्ली कुठं असते हे पोरांना आपल्याआधी माहीत असतं.

अमेरिकेत यावर बराच अभ्यास झालाय. मेम्फिस, सिअ‍ॅटल आणि गॅल्व्हेस्टन या तीन शहरांतल्या घरांत आणि घरांभोवती झालेल्या गोळीबाराच्या 626 घटना तपासून 1998 मध्ये एक निष्कर्ष छापला गेला. स्वसंरक्षणासाठी किंवा कायद्याला धरून घरातली बंदूक जितक्या वेळा चालली, त्याच्या चौपट वेळा ती चुकून चालली, सातपट वेळा हल्ल्यात किंवा खुनात आणि अकरापट वेळा आत्महत्येत किंवा तसल्या प्रयत्नात. बंदूक नुसती बघून चोर पळाला, अशा घटना यात मोजलेल्या नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. तिथली परिस्थितीही वेगळी, तिथं पिस्तूल सहज मिळतं. तरी यातले अपघातापेक्षा मोठे आकडे कुठले आहेत ते बघा: हल्ल्याचा आणि आत्महत्येचा. बांधावरून भाऊबंदकी पेटलेली असते, कुणी दारू पिऊन आलेलं असतं, कुणी कर्जानं किंवा आजारानं आतून खचलेलं असतं. अशा एका वाईट घटकेला हाताशी काठी असणं वेगळं आणि बंदूक असणं वेगळं. बंदुकीनं केलेलं परत फिरवता येत नाही. तुमच्या घरात असं कुणी खचलेलं असेल तर हा विचार आजच सोडा आणि त्या माणसाला डॉक्टरांकडं न्या.

शिवाय घरफोडी करणारे बहुतेक वेळा बंद घर हेरतात. तुम्ही लग्नाला गेलात आणि घर फुटलं तर सोन्याबरोबर बंदूकही जाणार, आणि पुढं तिचं कुणी काय केलं याची चौकशी तुमच्याच दारात येणार.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 मध्ये रात्रीच्या घरफोडीविरुद्ध, काही अटींवर, समोरच्याचा जीव जाईपर्यंत बचावाचा हक्क आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क नाही. भिंतीवरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर कोर्टात उत्तर द्यायला तुम्हीच उभे राहणार. आपल्याकडं परवाना जिल्हाधिकारी देतात, त्याआधी पोलीस चौकशी होते, वय 21 पूर्ण लागतं, आणि शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं आहे. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. परवान्याला वेळ लागतो म्हणून कुणी गावठी कट्टा सुचवला तर त्याला दारात उभं करू नका. विनापरवाना हत्यार सापडलं तर दोन ते पाच वर्षं कैद आहे.

त्याच पैशात मागच्या दाराला चॅनेल गेट बसवा, चारी कोपऱ्यांवर दिवे लावा, सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. शेजारच्या दोन-तीन वस्त्यांशी ठरवा की रात्री एकाचा फोन आला की सगळ्यांनी दिवे लावून बाहेर यायचं, आणि 112 ला फोन कुणी करायचा तेही ठरवून ठेवा. आमच्याकडं हीच पद्धत आहे. चोराला उजेड आणि माणसांचा गलका नको असतो.

मुलांना नेमबाजीची हौस असेल तर ती मारू नका. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हे सगळे नेमबाज आपल्याच जिल्ह्यातले. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर घेऊन जा. तिथं प्रशिक्षकाच्या नजरेखाली आधी शिस्त शिकवतात, नेम नंतर.

एवढं करूनही अर्ज करायचाच असेल तर आधी घरात बायकोशी आणि वडिलांशी बोला. दोघांपैकी एकानं जरी नको म्हटलं तर थांबा. घेतलीत तर पेटी भिंतीत बोल्टनं पक्की करा, काडतुसं तिच्याजवळ ठेवू नका, आणि साफ करायला काढाल तेव्हा मुलं घराबाहेर असू द्या.