आईची भूमिका घे

प्रिय,

तुझा प्रश्न दोन ओळींचा: नायिका होण्याच्या वयात नायकाच्या आईचं काम घेऊ का? घे. फक्त एवढं तपास, त्या आईला कुणाकडून काही हवंय का? नाटकभर ती नुसती दार उघडत आणि डोळे पुसत असेल, तर नको. काही हवं असेल, मग ती दोनच प्रवेशांत का येईना, तिथे तुला करण्यासारखं काम आहे.

भूमिकेची लांबी मोजणं सोड. अमेरिकेची बिआट्रिस स्ट्रेट मुळात रंगभूमीची नटी, 1953 मध्ये टोनी हा तिथला नाट्यपुरस्कार मिळवलेली. 1976 च्या 'नेटवर्क' चित्रपटात ती पडद्यावर जेमतेम पाच मिनिटं दिसते. नवरा दुसऱ्या बाईवर प्रेम जडल्याचं सांगतो, तो एक मोठा प्रसंग, आणि त्यासाठी ऑस्कर. ती चिडते, मोडते, मग सावरून त्याच्याशी बोलू लागते. मागचा अख्खा संसार आपल्याला न सांगता कळतो. मात्र यावरून 'थोडा वेळ मिळाला की सगळी कला ओतायची' असा धडा घेऊ नकोस. ती नवऱ्याशीच बोलते आहे, प्रेक्षकांशी नाही.

म्हातारपण करताना पाठ वाकवणं आणि आवाज थरथरवणं, कृपा करून, दोन्ही टाळ. म्हातारी माणसं वय लपवायला धडपडत असतात. उठण्याआधी हात आधार शोधतो, पण चेहरा म्हणतो, मला काही होत नाही. ती धडपड कर, वय आपोआप दिसेल. रोहिणी हट्टंगडींनी 'गांधी'तल्या कस्तुरबा तरुणपणापासून वृद्धत्वापर्यंत केल्या तेव्हा त्या स्वतः तरुणच होत्या. त्यासाठी त्यांना बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. तालमीत वयाचे टप्पे सुटे सुटे बसवून बघ.

रंगभूमीवरून कॅमेऱ्यासमोर गेलीस की तुला आधी अडेल ते सातत्य. कप कोणत्या शब्दावर उचललास हे लक्षात ठेव, कारण तोच प्रसंग वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा होणार, आणि हात जुळला नाही तर संकलक तुझा सर्वांत चांगला टेक बाजूला ठेवेल. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज खाली आण, पण विचार सैल सोडू नकोस. समोरच्याचा क्लोजअप चालू असताना कॅमेऱ्यामागे उभी राहून त्याला संवाद देशील, तेव्हाही पूर्ण अभिनयानं दे. दिग्दर्शक हे विसरत नाहीत. आणि ऐक! चरित्रभूमिकेचं, म्हणजे नायक-नायिका सोडून आई-काका अशा भूमिकांचं, निम्मं काम प्रतिक्रियेत असतं, ती खोटी असली की लगेच पकडली जाते.

एकदा आई केली की कायमची आईच, ही भीती अगदीच निराधार नाही. पण ललिता पवारांकडे बघ. 1942 मध्ये चित्रीकरणात थप्पड जोरात लागली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा बारीक राहिला आणि नायिकेची वाट बंद झाली. त्याच डोळ्यानं पुढे त्यांनी खाष्ट सासवा केल्या, 'रामायण' मालिकेतली मंथरा केली, आणि 1959 च्या 'अनाडी'तली मायाळू मिसेस डिसाही. चेहरा तोच, बदलत होतं ते त्या बाईचं समोरच्याकडचं मागणं. दुसरी आई आली तर ती पहिलीपेक्षा वेगळं काय मागते, हे शोध. तेही सारखंच असेल, तर खुशाल नकार दे.

पुरस्कारांबद्दल जास्त बोलत नाही. अमेरिकन चरित्र अभिनेत्री थेल्मा रिटर चाळिशी उलटल्यावर सिनेमात आली, 1950 ते 1962 च्या चित्रपटांसाठी तिला ऑस्करची सहा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही. कामं येत राहिली.

आता व्यवहाराचं. पूर्ण संहिता मागून घे. फक्त तुझे प्रवेश पाठवले तर तुझ्या पात्राच्या पाठीमागे त्याच्याबद्दल काय बोललं जातं ते तुला कळणार नाही, आणि छोट्या भूमिकेचा बराच भाग तिथेच लिहिलेला असतो. नाटकाच्या प्रयोगांच्या तारखा चित्रीकरणवाल्यांना सही करण्याआधी लेखी दे. नंतर तोंडी सांगितलंस, तर दोन्हीकडे तूच अडचणीची ठरशील.