‘ध्वनिजन्य अपस्मार’ की आवाजाने येणारी आकडी?

प्रश्न असा होता की प्रयोगशाळेतल्या उंदरांवरच्या लेखाचं भाषांतर करताना ऑडिओजेनिक सीझरला ‘ध्वनिजन्य अपस्मार’ म्हणावं का, आणि हेच उंदीर बहिरे असतात असंही लेखात आहे, तर बहिऱ्याला आवाजाने फीट येईल कशी?

माझं मत, आकडी म्हणा. अपस्मार हा आजार, आकडी ही त्या त्या वेळची घटना. लहान मुलाला तापात आकडी आली म्हणून डॉक्टर लगेच त्याला अपस्मार झाला म्हणत नाहीत. फेफरं, मिरगी हेही आजाराकडेच झुकतात आणि झटका म्हटलं की आधी हार्ट अटॅक नाहीतर करंट आठवतो. फीट चालेल, घरोघरी तोच शब्द आहे. आणि ह्या उंदरांचं जे होतं ना ते बघितलं तर आकडीच म्हणाल: डीबीए/2जे जातीचं साधारण 3 आठवड्यांचं पिल्लू, जोरात इलेक्ट्रिक बेल वाजली की पिंजऱ्यात सैरावैरा पळत सुटतं, मग आडवं पडून पाय झाडतं, मग अंग ताठ, मागचे पाय लांब ताणलेले, आणि कित्येकदा त्यातच श्वास थांबून मरतं. वाचतानाही कसंतरी होतं, पण फीटवरच्या औषधांची पारख अशा पिल्लांवर झालीय.

आता बहिरेपणाचं. ‘बहिरे उंदीर’ लिहिलंत की वाचक ठार बहिरे समजणार आणि गोंधळ तिथेच होतो. ही जात जन्मतः बहिरी नाही, वय वाढेल तसं तिचं ऐकणं जातं, आधी बारीक उंच आवाज जातात मग बाकीचे, आणि वय वाढतं तशी आकडीही येईनाशी होते. आकडी यायला आवाज कानातून मेंदूत पोचावा तर लागतोच.

सगळ्यात विलक्षण गोष्ट सी57बीएल/6 ह्या जातीची, जिला एरवी आवाजाने आकडी येत नाही. 1967 साली संशोधक केनेथ हेन्री यांनी दाखवलं की लहान वयात एकदा कानठळ्या बसवणारा आवाज ऐकवला तर काही दिवसांनी तसाच आवाज ऐकून ह्याच पिल्लांना आकडी येते. कानाला इजा होऊन मेंदूकडे जाणारा आवाज कमी पडतो, मग मेंदूतली श्रवणाची केंद्रं, मुख्यतः इन्फिरियर कॉलिक्युलस, जास्तच हुळहुळी होतात, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे इथे कमी ऐकू येणं हेच आकडीचं कारण.

म्हणून तुमच्या वाक्यात ‘ऐकणं मंदावत जाणाऱ्या उंदरांना मोठ्या आवाजाने येणारी आकडी’ असं लिहा, लांब होतंय पण चालेल.