बेनोमिल दिल्यावरही टोक वाढतं, मग मायक्रोट्यूब्यूल कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीला बेनोमिल हे बुरशीनाशक दिलं, जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन लावलेले मायक्रोट्यूब्यूल (पेशीतल्या ट्यूब्युलिन प्रथिनाच्या बारीक नळ्या) नाहीसे झाले, तरी हायफाचं, म्हणजे बुरशीच्या तंतूचं, टोक वाढतच राहिलं. मग मायक्रोट्यूब्यूल कशासाठी?

निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून मायक्रोट्यूब्यूल बिनकामाचे ठरत नाहीत. भित्तिका बांधायचा माल व्हेसिकलमधून, म्हणजे पेशीतल्या बारीक पिशव्यांमधून, येतो. लांबचा पल्ला तो मायक्रोट्यूब्यूलवरून कापतो आणि शेवटचे काही मायक्रॉन ॲक्टिन या प्रथिनाच्या दोऱ्यांवरून. या दोऱ्या टोकापाशीच तयार होतात: सेप-ए हे फॉर्मिन (ॲक्टिनच्या दोऱ्या विणणारं प्रथिन) एटीपी या ऊर्जारेणूला धरलेले ॲक्टिनचे रेणू एकामागून एक जोडत जातं, ट्रोपोमायोसिन हे प्रथिन दोरीला बळकटी देतं. म्हणून ॲक्टिनच्या दोऱ्या मोडणारं लॅट्रंक्युलिन दिलं की वाढ थांबते आणि टोक फुगतं. बेनोमिलने मात्र वाढ मंदावते आणि दिशा भरकटते. नुकत्याच रुजलेल्या बीजाणूत अंतरच कमी, त्यामुळे फरक फारसा दिसत नाही. लांब, जुन्या हायफा घ्या.

दिशेचं गणित जास्त महत्त्वाचं. मायक्रोट्यूब्यूलच्या वाढत्या टोकावर किप-ए हे कायनेसिन (मायक्रोट्यूब्यूलवरून माल वाहणारं प्रथिन) टी-ए नावाचं प्रथिन पोहोचवतं. ते हायफाच्या टोकाशी पेशीपडद्यातल्या टी-आर या प्रथिनाला भेटतं आणि सेप-एला योग्य जागी बसवायला मदत करतं. टी-ए नसलेला हायफा नागमोडी वाढतो. तेव्हा नुसता वेग मोजू नका, दर काही मिनिटांनी वाढीचा कोनही नोंदवा.

मायक्रोट्यूब्यूलच्या जोडणीची सुरुवात केंद्रकाला चिकटलेल्या स्पिंडल पोल बॉडी या ठिपक्यापासून आणि सेप्टमपासून, म्हणजे हायफातल्या आडव्या भिंतीपासून, होते. तिथलं गॅमा-ट्यूब्युलिन याच बुरशीत 1989 मध्ये पहिल्यांदा सापडलं. अल्फा आणि बीटा ट्यूब्युलिनच्या जोड्या जीटीपी या ऊर्जारेणूसह नळीच्या टोकाला लागतात. जीटीपीची टोपी गेली की नळी भराभर उसवते. बेनोमिल बीटा-ट्यूब्युलिनला धरून नवी भर थांबवतं. नळीचं हे टोक हायफाच्या टोकापेक्षा कितीतरी वेगाने धावतं, म्हणून 2-3 सेकंदांना एक फ्रेम हवी. मिनिटाला एक फोटो घेतलात तर वाढ आणि मोड दोन्ही हातचे जातील.

आता चुका कुठे होतात ते. जीएफपी-ट्यूब्युलिनचं जनुक अल्क-ए प्रमोटरखाली (जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याखाली) असेल तर ग्लिसरॉलवर वाढवा: ग्लुकोजवर जनुक दबतं, थ्रिओनिनवर इतकं चढतं की नळ्या नको तशा जाड होतात. माध्यम थंड ओतू नका, थंडीनेही मायक्रोट्यूब्यूल विरघळतात. कंट्रोलमध्ये तेवढाच डीएमएसओ (औषध विरघळवायचा द्राव) घाला, औषधाशिवाय. शिवाय माइटोसिसच्या, म्हणजे केंद्रक विभागण्याच्या, वेळी पेशीद्रवातले मायक्रोट्यूब्यूल आपोआप जातात, आणि एका कप्प्यातली केंद्रकं जवळपास एकदम विभागतात. अख्खा कप्पा रिकामा दिसला तर हिस्टोनला (केंद्रकातल्या डीएनएभोवतीचं प्रथिन) लाल टॅग लावून खात्री करा, नाहीतर ते औषधाच्या खाती जमा होईल.

ॲक्टिन पाहायला फॅलॉइडिन या रंगद्रव्याच्या भरवशावर राहू नका. तंतुमय बुरशीत ते बहुधा नीट रंगत नाही. लाइफॲक्ट (ॲक्टिनला चिकटणारा छोटा प्रथिन-तुकडा) वापरा, पण कमी प्रमाणात. जास्त झालं तर तेच ॲक्टिनला जखडून ठेवतं आणि टोक वाकडं होतं.