बिसी बेळे बातचा गोळा का होतो?

बिसी बेळे बात, हा कर्नाटकातला डाळ-तांदूळ-भाज्यांचा सैलसर पदार्थ, तुम्ही दोनदा केलात, दोन्ही वेळा घट्ट गोळा झाला, डाळ कचकचीत राहिली, आणि आता रविवारी आठ जण जेवायला आहेत असं लिहिलंयत. घाबरू नका. बंगळुरात संसार करून मला बावीस वर्षं झाली. पहिली दोन वर्षं माझाही मसालेभातच व्हायचा, वरून आमटी सांडलेला.

आपली गफलत अशी होते की आपण त्याला भात समजतो. कानडीत बिसी म्हणजे गरम, बेळे म्हणजे डाळ. बातचा नंबर शेवटी! तूरडाळ तांदळाच्या बरोबरीने लागते. आठ जणांना दीड वाटी सोना मसुरी आणि दीड वाटी डाळ. बासमती नको, तो सुटा राहतो आणि इथे तांदूळ डाळीत विरघळायला हवा.

डाळ कच्ची राहिली ती चिंचेमुळे. सगळं एकदम कुकरला लावलं असणार. आंबटात डाळ मऊ होत नाही, भाजीही नाही. डाळ हळद आणि चमचाभर तेल घालून तिप्पट पाण्यात पार गाळ शिजवा, तांदूळ वेगळा तिप्पट पाण्यात. फरसबी, गाजर, मटार, नवलकोल आणि सांबाराचे छोटे कांदे पातेल्यात शिजवून घ्या. भाज्या शिजल्या की मगच लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, मीठ आणि मसाला. कोळाचा कच्चा वास जाईपर्यंत उकळा, मग डाळ, मग भात.

मसाला मात्र घरी करा, वीस मिनिटांचं काम आहे. तीन चमचे धणे, दोन चमचे हरभराडाळ, दीड चमचा उडीदडाळ, दहा-बारा ब्याडगी मिरच्या, दोन इंच दालचिनी, पाच लवंगा, चमचाभर खसखस, तीन चमचे सुकं खोबरं. आणि मेथ्या अर्धा छोटा चमचा, त्याही मंद आचेवर. एकदा फोनवर बोलता बोलता माझ्या मेथ्या काळ्या झाल्या, तशाच वाटल्या, आणि पातेलंभर बात कडू झाला. गूळ घालून बघितला. कडू ते कडूच, वर गोडही. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा, खोबरं-खसखस शेवटी, नुसत्या तव्याच्या उष्णतेवर.

यात आणखी एक गंमत असते, मराठी मोग्गू. मोग्गू म्हणजे कळी. सावरीच्या झाडाची सुकलेली कळी, दिसायला लवंगेच्या थोराड भावासारखी, वासाला मिरी-मोहरीच्या मधली. नाव मराठी, पण माझ्या माहेरी सोलापुरात कुणी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं! शेजारच्या अज्जींनी डबा उघडून दाखवली आणि "तुमचीच ना ही?" म्हणाल्या, तेव्हा मी खजील. दोन कळ्या पुरतात. दाक्षिणात्य किराणा दुकानात मिळते. नाही मिळाली तर एक लवंग वाढवा आणि पुढे चला.

आता गोळ्याचं. गॅसवर असताना बात तुम्हाला पातळ, जवळजवळ बिघडलेला वाटला पाहिजे. डावातून सोडला की धार पडावी, ढेकूळ नको. निवताना तांदूळ आणि डाळ दोन्ही पाणी ओढतात, दहा मिनिटांत त्याचा रंगढंग बदलतो. म्हणून बाजूच्या शेगडीवर तीन-चार वाट्या पाणी उकळत ठेवाच. पाहुणे पाटावर बसले की लागेल तेवढं घालून ढवळा, मीठ पुन्हा चाखा. गार पाणी घातलंत तर चव फुटते.

फोडणी सगळ्यात शेवटी, आणि तुपाची: मोहरी, हिंग, कढीपत्ता, काजू, दोन सुक्या मिरच्या. तेलाची केलीत तर मी तुमच्याकडे जेवायला येणार नाही.

वाढताना ताटात मूद पाडायची नाही. बात आपसूक पसरला पाहिजे. वर चमचाभर तूप, शेजारी काकडीची दह्यातली कोशिंबीर. खारी बुंदी वाटीत वेगळी द्या, ज्याने त्याने घासाघासाला घालून घ्यावी. आधी पेरून ठेवलीत तर दोन मिनिटांत तिचा लगदा होतो. बुंदी नसेल तर बटाट्याचे वेफर्स चुरून घ्या, इथे घरोघरी तेच चालतं.

उरला तर दुसऱ्या दिवशी सुरीने कापण्याइतका घट्ट झालेला असेल. वाटीभर उकळतं पाणी घालून मंद गॅसवर ठेवा आणि बुडाला लागू देऊ नका.