‘मास्क’ला मुखवटा म्हणावं की सोंग?

प्रश्न असा आलाय की पश्चिम आफ्रिकेतल्या धार्मिक मास्कबद्दल मराठीत लिहिताना ‘मुखवटा’ म्हटलं की ‘अखेर मुखवटा गळून पडला’ मधला ढोंगीपणा आठवतो, तर मग ‘सोंग’ चालेल का.

माझं मत, मुखवटाच ठेवा. ज्यांच्या घरी गौरी बसतात त्यांनी आठवून बघा, मुखवटे हातात घेऊन उंबऱ्यातून आत येताना ‘गौर आली कशाच्या पावलांनी’ असं विचारतात तेव्हा खरा चेहरा झाकलाय असं कुणाच्या मनात तरी येतं का? तिथे मुखवटा म्हणजे देवीचं तोंडच, आणि आपण म्हणतो पण ‘गौरी आल्या’.

खरी गडबड क्रियापदात आहे. ‘मुखवटा घातला’ लिहिलं की आतला माणूस मुख्य होतो. नायजेरिया-बेनिनमधल्या योरुबांकडे पूर्वज परत येतात ते एगुनगुन, डोक्यापासून पायापर्यंत रंगीत कापडाच्या पट्ट्यांचे थर, पुष्कळदा लाकडी चेहरा नसतोच, बघायला फक्त जाळी, आवाजही घोगरा काढलेला. गिरकी घेतली की पट्ट्या फुलतात आणि त्यांचा वारा अंगावर येणं हाच आशीर्वाद. इथे सरळ ‘एगुनगुन आले’ लिहा, कुणी काय घातलं ते नको. लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टमधल्या दान लोकांकडे तर ‘गे’ हा एकच शब्द रानातल्या शक्तीलाही आणि मुखवट्यालाही, ती शक्ती स्वप्नात येऊन सांगते मला गावात यायचंय, मग माणूस तिच्यासाठी मुखवटा कोरून घेतो.

लिंगाकडेही लक्ष द्या, सवयीने ‘तो नाचतो’ लिहिलं जातं. सिएरा लिओनमधल्या मेंदे बायकांची सांदे नावाची मंडळी आहे, त्यांचा सोवेई मुखवटा बाईच चढवते: काळा चकचकीत, झुकलेले डोळे, इवलंसं तोंड, वर नेटकी केशरचना, मानेवर वळ्या, आणि त्या वळ्या म्हणजे पाण्यातून वर येताना उठलेले तरंग असंही सांगतात. उलट गेलेडे नावाच्या मुखवट्यांच्या सोहळ्यात योरुबा पुरुष बाईच्या रूपात नाचतात, आयांच्या शक्तीचा मान राखायला.

‘सोंग’ मला फार आवडतो, जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात, म्हणजे तिथल्या मुखवट्यांच्या उत्सवात, देवाचं सोंग येतं, सांबळावर नाचतं, तिथल्या वाचकासाठी हाच शब्द बेस्ट. पण बाकी महाराष्ट्रात सोंग म्हणजे झोपेचं सोंग, पैशाचं सोंग, म्हणजे ज्या अर्थाला घाबरून मुखवटा टाळायचा तोच अर्थ इथे जास्त चिकटलेला. ‘अंगात येणं’ सरसकट नको, प्रत्येक ठिकाणी संचार होतोच असं नाही.

आणि ‘चेहऱ्यावर’ लिहायच्या आधी फोटो नीट बघा, गेलेडेतलं लाकडी तोंड टोपीसारखं डोक्यावर बसतं आणि नाचणाऱ्याचा चेहरा त्याखालच्या पातळ कापडाआड असतो, तेव्हा तिथे ‘डोक्यावर’च.